सव्वीस दात्यांची चकती

लोहगडवाडी
सोमवार, ३ फेब्रुवारी

सृष्टीताई,

तुझी सायकल मी खोलली.

आता शिव्या दे. सगळ्या दे, मी थांबतो. झाल्या? मग ऐक.

आबानं ती माळ्यावर टाकून सुंभानं सात गाठी मारल्या व्हत्या. घरात सांगून ठेवलेलं, "हिला जो हात लावंल त्याचा हात मोडीन." मी हात न्हाई लावला. शिडीवर चढून कोयत्यानं सुंभ कापलं. मग ती आपली आपनच खाली आली. माझ्याच अंगावर आली ही गोष्ट येगळी. चार इंच रुंद टायर छातीवर पडल्यावर मानूस काय बोलतो ते मी हितं लिव्हत न्हाई, आईनं आतून ऐकलंय तेवढं बास.

आठवतं का, तू कामाला व्हतीस त्या रिसॉर्टनं जुन्या सायकली मोडीत काढल्या तवा तू पगारातून ही आनलीस. आई म्हनली, "ही सायकल हाय का म्हस?" तवापास्नं तिचं नाव म्हसच. पन म्हशीला चढ कधी जमला न्हाई. शिवेच्या दगडापास्नं आपल्या वट्ट्यापर्यंत तू एकदा पन न उतरता आली न्हाईस. काँक्रीटचा उभा चढ लागला की तुझा पाय खाली. मी वट्ट्यावरनं बोंबलायचो, "टेकला! टेकला!" आन तू दगड घेऊन मागं लागायचीस.

तू म्हनशील, सम्या, दहा म्हयन्यांनी तुला आज पत्र सुचलं? अगं, आबानं मला देवापुढं उभं करून सांगितलं, तिच्याशी एक शबूद बोलायचा न्हाई. माझ्या फोनातला तुझा नंबर पन पुसून टाकला. मी दहा म्हयने विचार केला. बोलायचं न्हाई म्हनला. लिव्हायचं न्हाई असं कुटं म्हनला? आपल्या घरात कुनी पत्र लिव्हंल असं त्याच्या डोक्यात पन आलं नसंल, मराठीत मला किती पडले ते त्याला ठावं हाय.

तुझा पत्ता लोनावळ्याच्या हौशीरामकाकाकडनं काढला. तुझा लखन सुदुंबऱ्याला कंपनीत लागला तरी काकाच्या सायकलच्या दुकानात अजून त्याचा फोन येतो. तू उत्तर दिलंस तर दुकानाच्या पत्त्यावर दे. घरी नको.

आता कामाचं. आबानं जत्रंत बेल-भंडारा उचलून जे म्हनलं ते मी वहीत लिव्हून ठेवलंय. शबूद न् शबूद असा: "लेकीचा पाय ह्या वाडीच्या मातीला लागला, तर हा दत्तोबा भैरोबाच्या पालखीला पुन्हा खांदा देनार न्हाई."

वकिलावानी वाच. पाय. माती. लागला.

चाकाचं नाव कुटं हाय?

शिवेच्या दगडापास्नं वट्ट्यापर्यंत तू पाय न टेकता सायकलवर आलीस, तर शपथ मोडत न्हाई. वट्ट्याला शहाबादी फरशी हाय, घरात पन फरशी. फरशी म्हंजे माती न्हाई. यंदा जत्रा चैत्री पुनवंला, बारा एप्रिलला, शनिवारी. दोन म्हयने हायेत. मला फकस्त म्हशीला चढ शिकवायचाय.

एक इचारायचं राहिलं. सायकल दहा म्हयने धुरात व्हती, पन चेनीला गंज न्हाई. बोट लावलं तर तेल लागलं, ताजं. आईनंच घातलं असनार. तिला इचारून सांगतो.

तुझा
सम्या


सोमवार, १७ फेब्रुवारी

ताई,

उत्तर न्हाई. काय हरकत न्हाई. पोस्टमनला पाय असत्यात, त्याला चढ लागतो.

मी सायकल टेम्पोत टाकून हौशीकाकाकडं नेली. काकानं चष्मा कपाळावर चढवला, सायकलीभवती एक फेरी मारली, म्हनला, "ह्याला ट्रॅक्टरचं लायसन लागंल."

मी म्हनलं, "काका, उभा चढ चढली पायजे. पाय न टेकता."

"कोन चढनार?"

"मीच."

"तुझं वजन किती?"

"पन्नास. पन पंचावन्न धरा."

काकानं चष्मा डोळ्यावर घेतला. मग पाना उचलला. "पंचावन्नवाली कशी हाय? बरी हाय ना?"

मी काय बोललो न्हाई. बोलायचं न्हाई अशी शपथ हाय.

(वजनाचा अंदाज चुकला आसंल तर माफ कर. सासरी मानूस सुटतं असं ऐकून हाय.)

काकानं मला समजावलं ते तुला सांगतो. पुढच्या चकतीला बेचाळीस दाते, मागच्या मोठ्या चक्राला अठ्ठावीस. म्हंजे पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक दीड येळा फिरनार. सपाटीला हे चांगलं, टूरिस्ट लोकं तळ्यापर्यंत जाऊन फोटो काढत्यात. उभ्या चढाला ह्याच्या उलट पायजे. पुढं दाते कमी, मागं जास्ती. पाय लय येळा फिरनार पन ओझं लागनार न्हाई.

मागं चौतीस दात्यांचं बसवलं. मी खुश. पहिलीच चक्कर मारली तर खर्रर्र खर्रर्र. मोठ्या चक्रावर चेन आली की टायरला घासती! टायर एवढं जाड की चेनीला जायला वाट न्हाई. काका म्हनला, "म्हस जाडी, गोठा लहान." मग पुढची चकती चार वायसर घालून भायेर सरकवली, तवा मधी बोटभर जागा झाली. चेनीच्या चार कड्या वाढवल्या. हात असे काळे झाले की आईनं मला ताटावर बसू दिलं न्हाई.

तर आईला तेलाचं इचारलं. ती भाकरी थापत व्हती. म्हनली, "मी कशाला तेल घालू? मला शिडी चढवतीय व्हय?" मग हात थांबला तिचा. म्हनली, "दर अमावस्येला दुकानातनं मशिनीच्या तेलाची बाटली घरी येती. आपल्या घरात मशीन कुटं हाय?"

ताई, आपल्या घरात शिडी चढनारी मानसं दोन. त्यातला एक मी.

आबा काल मला म्हनला, "सायकल कुनासाठी चाललीय?"

मी म्हनलं, "दुरुस्त करून इकतो. रिसॉर्टवाले घेतील."

"इकायची न्हाई," म्हनला, आन गिऱ्हाइकाला ताक द्यायला गेला. सुंभ कुनी कापलं ते इचारलंच न्हाई. माझा हात अजून शाबूत हाय.

वाडीत काय नवीन न्हाई. मी रस्त्याला "पुढे रस्ता बंद" असा बोर्ड लावला व्हता, म्हंजे गाड्या आपल्याच हॉटेलापुढं थांबतील. बाजीरावभाऊनं उपटून टाकला, त्याचं हॉटेल पुढं हाय ना. तू असतीस तर बोर्डावरचं शुद्धलेखन तरी बरोबर असतं.

तुझ्या खाटंवर आता मी झोपतो. भिंतीवरचं तुझं टिकल्यांचं नक्षीकाम आईनं काढू दिलं न्हाई. एकोनचाळीस टिकल्या हायेत, मी मोजल्यात.

सम्या


सोमवार, १० मार्च

ताई,

आलं! तुझं पत्र आलं!

हौशीकाकानं फोन केला, "सम्या, टपाल हाय." मी टमटमला लोंबकळत लोनावळ्याला गेलो. पाकीट फोडलं. दहा म्हयने वाट बघून, मी दोन लांबलचक पत्रं लिव्हून, तुझं उत्तर चार शब्दांचं:

"पुढं किती दाते टाकले?"

बास. आई कशी हाय न्हाई, तू कसा हायेस न्हाई. मी तितंच दुकानाच्या पायरीवर बसलो. काका म्हनला, "काय रं, वाईट बातमी?" मी म्हनलं, "न्हाई काका, डोळ्यात ग्रीस गेलं."

तर उत्तर देतो. पुढं बावीस टाकले. मला वाटलं जितकं हलकं तितकं बेस. काका म्हनत व्हता, "नको रं," पन मी ऐकतो व्हय.

बुधवारी दुपारी वाडीत गिऱ्हाईक नव्हतं. पाठीला पाच किलो बेसनाची पिशवी बांधली, तुझ्या माझ्या वजनातला फरक म्हनून, आन शिवेच्या दगडापास्नं निघालो. पहिलं वळन मस्त. उभा चढ लागला. गिअर पाडला. काय सांगू, पायाला काय लागतच न्हाई, हवेत पाय फिरवल्यावानी. शंभर येळा फिरवतोय आन सायकल हातभर पुढं. एवढी हळू की चाकाला कळंना डावीकडं पडू का उजवीकडं. पुढचं चाक घोड्यावानी उचललं आन मी, सायकल, बेसन, सगळं आडवं.

आबा वट्ट्यावर बसून बघत व्हता. खाली आला. मला वाटलं आता बसतीय. त्यानं सायकल उचलून उभी केली, चकतीवरचं बेसन धोतराच्या सोग्यानं पुसलं, म्हनला, "रस्त्याचं पिठलं करतो का?" मग चार पावलं जाऊन मागं वळला. "लय हलकं केलंस. जरा ओझं लागलं पायजे पायाला. तोल त्यानंच ऱ्हातो."

आबानं जन्मात सायकल चालवलेली न्हाई.

आता एक सांगायचंय. हे सांगायला म्हनूनच पहिलं पत्र लिव्हायला घेतलं व्हतं, मग सायकलीवर गेलो. दुसऱ्यात पन सायकलीवरच गेलो. तुला वाटलं आसंल ह्याला सायकलीचं येड लागलंय.

गेल्या जत्रंत माईकवर जे झालं, ते अंबाजीभाऊनं केलं न्हाई.

तुला आठवतच आसंल, इसरायचं कसं. पालखी निघायची व्हती, सगळी वाडी जमलेली, खालच्या गावचे पाव्हने. आन भोंग्यातनं अंबाजीभाऊचा आवाज आला, "लखन, जिथं आसशील तिथनं ये, सृष्टी टाक्याजवळ तुझी वाट बघतीय." सगळी हसली. मग सगळी गप झाली. मग सगळ्यांनी आबाकडं बघितलं. ठाकरवाडीचा लखन आन दत्तोबाची पोरगी. आबाच्या हातात बेल-भंडारा व्हताच, पालखीचा. त्यानं तो तसाच उचलला.

अंबाजीभाऊ तवा चहा प्यायला गेलता. आवाज मी काढला व्हता.

मला म्हायती व्हतं तुमचं. तू मला सांगितलं न्हाई म्हनून राग व्हता, सगळं सांगायचीस आन हेच न्हाई. जरा मज्जा करू म्हनलं. वाटलं तू लाजशील, दगड घेऊन मागं लागशील. मी पळायच्या तयारीत उभा व्हतो, ताई. तू मागं लागलीच न्हाईस. तू खाली निघून गेलीस.

अंबाजीभाऊला तवापास्नं कुनी माईक देत न्हाई. शपथा घेतो बिचारा, कुनी ऐकत न्हाई. मी त्याच्या म्हशींला वैरन टाकून येतो रोज. तो म्हनतो, सम्या सुधारला.

आता मोठ्या शिव्या दे. ह्या येळंला मी थांबत न्हाई, ऐकवनार न्हाईत मला.

सम्या


सोमवार, २४ मार्च

ताई,

दोन आठवडे झाले. रोज हौशीकाकाला फोन करतो. काका म्हनतो, "आलं की मीच करीन की रं, सारखं सारखं काय!" आता त्यानं फोन उचलायचं बंद केलंय.

न्हाई लिव्हलंस तर का ते मला कळतं. पन मी आपलं सांगत ऱ्हातो.

बावीसची चकती काढली. अठ्ठावीस लावली. तिच्यावर मी चढतो, पन बेसन बांधलं की शेवटच्या पन्नास पावलांत, आपल्या हॉटेलाच्या अलीकडं मुरूम हाय तितं, मांड्या पेटत्यात आन पाय टेकतो. टायरातली हवा कमी केली, मुरुमात पकड आली, पन ओझं तेवढंच. एकवीस येळा गेलो. एकवीस येळा टेकला. बाजीरावभाऊची पोरं आता वट्ट्यावर बसून ओरडत्यात, "टेकला! टेकला!" त्यांना दगड मारायला पळालो तर मलाच हसू यायला लागलं, मग हसू गेलं.

मधलं काय मिळतच न्हाई. पुण्याला मिळंल म्हनत्यात, ते पन आपल्या पायडलाच्या क्रँकला बसंल का ठाऊक न्हाई.

आईनं काल पुरनाची डाळ निवडायला घेतली, जत्रंला अजून वीस दिस हायेत तरी. म्हनलं, "आई, एवढी डाळ? आपन तिघं." ती म्हनली, "डाळीला काय नाकं मोजून निवडत्यात व्हय?"

तू न्हाई आलीस तरी म्हस तयार ठेवीन. पुढच्या साली ये. त्याच्या पुढच्या साली ये. मी चेनीला तेल घालत ऱ्हाईन. म्हंजे मी न्हाई, जो घालतो तो घालत ऱ्हाईल.

सम्या


सोमवार, ७ एप्रिल

ताई,

गेल्या सोमवारी हौशीकाका सोताच वाडीला आला. ह्या चढावर! घामानं शर्ट भिजलेला. पिशवीतनं पुडकं काढलं. वर सुदुंबऱ्याचा शिक्का, आत वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात चकती.

चिठ्ठी न्हाई. मी सगळा कागद उलटापालटा करून बघितला, भविष्य पन वाचलं. काय न्हाई. लेथवर केलेली चकती, अजून कडा चकचकीत, तेलाचा वास येतोय, आन मधल्या भोकांची मापं आपल्या क्रँकची. लखनला माप कुटनं म्हायती? रिसॉर्टवर ह्या सायकली तोच दुरुस्त करायचा, इसरलो व्हतो.

मी दाते मोजले. एक, दोन, तीन. सव्वीस. परत मोजले. सव्वीस.

माईकचं वाचून तू मला सव्वीस दाते पाठवलेस.

ताई, दाजींना सांग. दाजी म्हनलं बघ मी. कागदावर पहिल्यांदा लिव्हलं, बरं दिसतंय.

सव्वीस लावली. बेसन बांधलं. पायाला ओझं लागतं पन मांडी पेटत न्हाई, सायकल पडत न्हाई, चेन टायरला घासत न्हाई. पहिल्याच येळंला शिवेपास्नं वट्ट्यापर्यंत. टेकला न्हाई! मी वट्ट्यापुढं येऊन गोल गोल फिरत राहिलो कारन उतरायचंच मन झालं न्हाई.

मंगळवारी अंबाजीभाऊकडं गेलो. खरं सांगितलं. आधी त्यानं मला वैरनीच्या काठीनं हानला. मग म्हनला, "माझा आवाज एवढा बरोबर काढतोस?" मग म्हनला, "काढून दाखव." काढून दाखवला. मग परत हानला. पन यंदा माईक त्याला मिळनार, मी पंचांपुढं उभं ऱ्हाऊन कबूल केलं. आबा पंचात व्हता. त्यानं मान खाली घातली आन वर केलीच न्हाई. रागानं का कशानं, मला कळलं न्हाई.

आता नीट ऐक, कामाचं हाय. शनिवारी दुपारी चारला दाजींनी तुला मोटरसायकलवर शिवेच्या दगडापर्यंत सोडायचं. दगडाच्या अलीकडंच उतर, पलीकडं न्हाई. मी म्हस घेऊन उभा असंन. दाजी पायी वर येऊ द्या, त्यांच्या पायाचं नाव शपथेत न्हाई. पहिल्या वळनापर्यंत मधला गिअर. चढ दिसला की चढ लागायच्या आधीच मोठ्यावर टाक. चढात ओढ बसल्यावर बदलायला गेलीस तर चेन कडाकडा वाजून उतरंल, मग पाय टेकला. मुरूम आला की हँडल घट्ट धरू नको, सैल धर, चाक आपली वाट आपन काढतं. आन बाजीरावभाऊच्या पोरांकडं बघू नको.

वट्ट्याच्या दोन पायऱ्यांचं मला कोडं व्हतं. फळी टाकायची म्हनत व्हतो. फळी घसरली म्हंजे?

बुधवारी आबानं खालनं सिमेंटची गोनी आनली. पायऱ्यांच्या कडंनं उतार बांधायला बसला. मी म्हनलं, "आबा, हे कशाला?"

"हातगाडी चढवायला."

"आपल्याकडं हातगाडी कुटं हाय?"

"घेईन की."

थोडा येळ थापी मारत राहिला. मग वर न बघता म्हनला, "तुझ्या त्या चाकाची रुंदी किती?"

"चार इंच."

"हां." मग फुटपट्टीनं मापलं आन हातभर रुंद ठेवला. सिमेंट ओलं असताना झाडूच्या काड्यांनी आडव्या रेघा वढल्या. म्हनला, "हातगाडी घसरती."

दोन दिस पानी मारलं त्यानंच. कुनाला पाय ठेवू देत न्हाई. काल कोंबडी चढली तर तिच्या मागं पळाला, ह्या वयात.

आन आज सकाळी मी दात घासत व्हतो, तर मागनं येऊन म्हनला, "शनिवारी वाडीतली कुत्री बांधून ठेव. वळनावर आडवी येत्यात." एवढं म्हनला आन पालखीचा खांदा पुसायचं तेल शोधायला गेला. तीच बाटली, ताई. मशिनीच्या तेलाची.

पालखी साडेपाचला आपल्या दारात येती. पुढचा खांदा आबाचा. तू वट्ट्यावर आरती घेऊन उभी ऱ्हा, फरशीवर. आईनं ताट घासून ठेवलंय, कुनासाठी ते ती पन बोलत न्हाई. आपल्या घरात सध्या सगळीच शपथ घेतल्यावानी गप हायेत.

म्हनून पाया पडतो, ताई, कुनाला बोलू नको. आबाला म्हायती हाय हे मला म्हायती हाय, पन मला म्हायती हाय हे आबाला म्हायती न्हाई. त्याला वाटू दे, पोरगं गुपचूप करतंय. तू पन वट्ट्यावर आलीस की उताराकडं बघून न बघितल्यावानी कर. "हातगाडी कधी घेतली?" एवढंच इचार. सुदुंबऱ्यात शेजाऱ्यांनी इचारलं तर सांग, जत्रंला चाललो, बास. हे पत्र फाड, न्हाईतर चुलीत घाल. कुनाला म्हनून सांगू नको.

पाया पडतो म्हनलं ना? शनिवारी खरंच पडीन. पन तुझे पाय पायडलवर असतील तितंच. खाली घेऊ नको.

तुझा
सम्या